रिपोर्टवरचा 22 आणि त्याच्या शेजारी छापलेली मर्यादा

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

मी नागपुरात मानेवाडा भागात राहते आणि शाळेत शिक्षिका आहे. माझी मोठी बहीण 58 वर्षांची असून महाल भागात राहते. गेल्या महिन्यात एका लग्नात पंगतीला वाढता वाढता तिची छाती जड झाली, मळमळू लागले आणि दरदरून घाम आला. तासाभरात आम्ही तिला जवळच्या एका लहान रुग्णालयात नेले. तिथे ईसीजी काढला, एका पट्टीवर रक्ताचे थेंब टाकून 'ट्रॉप' चाचणी केली आणि ती निगेटिव्ह आली. 'लग्नातले जेवण बाधले' असे सांगून ऍसिडिटीचे इंजेक्शन दिले व रात्रीच घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा तसेच झाले, तेव्हा भाच्याने तिला धंतोलीतील एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या रिपोर्टवर ट्रोपोनिन आय 22 होते आणि शेजारी '26 पर्यंत नॉर्मल' असे छापलेले होते. तरीही तिथल्या डॉक्टरांनी तिला सोडले नाही. दोन तासांनी पुन्हा रक्त घेतले, ते 58 आले. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी 90 टक्के अरुंद झालेली निघाली आणि स्टेंट टाकला. ताई आता बरी आहे.

भाऊजींनी मोबाइलवर वाचले की बायकांचा हार्ट अटॅक रक्तात दिसतच नाही. हे खरे आहे का? पहिला रिपोर्ट चुकला होता का? बायकांसाठी मर्यादा वेगळी असते असे भाचा म्हणतो, मग रिपोर्टवर ती का नव्हती? आणि माझे वय 51 आहे, मी दरवर्षी ही तपासणी करून घ्यावी का?

— एक वाचक, मानेवाडा

उत्तर

तुमच्या ताई सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. धंतोलीतील ज्या डॉक्टरांनी 'नॉर्मल' छापलेला रिपोर्ट हातात असूनही दुसऱ्यांदा रक्त घेतले, त्यांचे मी मनापासून कौतुक करते. तुमच्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर त्यांच्या त्या एका कृतीत आहे.

भाऊजींनी वाचले ते चूक आहे. बायकांचा हार्ट अटॅक रक्तात दिसतो, आणि पुरुषांच्या रक्तात ज्या पदार्थामुळे दिसतो त्याच पदार्थामुळे दिसतो. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन आहे. स्नायूच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपते आणि आम्ही प्रयोगशाळेतले लोक ते मोजतो. प्रश्न येतो तो कितीच्या पुढे गेल्यावर 'वाढले' म्हणायचे याचा, आणि भाच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे ते याच ठिकाणी.

ही मर्यादा ठरवण्याची रीत साधी आहे. निरोगी माणसांचे रक्त तपासायचे, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि शंभरांतील नव्याण्णव जण ज्या आकड्याच्या आत येतात तो आकडा मर्यादा मानायचा. जुन्या चाचण्यांना निरोगी माणसाच्या रक्तातील ट्रोपोनिन मोजताच येत नसे, त्यामुळे स्त्री आणि पुरुष यांच्यातील फरक कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. उच्च संवेदनशील चाचण्या आल्यावर निरोगी रक्तातलेही ट्रोपोनिन दिसू लागले, आणि निरोगी स्त्रियांचे आकडे निरोगी पुरुषांपेक्षा बरेच कमी असतात हे स्पष्ट झाले. त्याचे मुख्य कारण असे मानले जाते की स्त्रीच्या हृदयाचे स्नायुवस्तुमान कमी असते, त्यामुळे त्यातून रोज सहज झिरपणारे ट्रोपोनिनही कमी असते. दोघांना एका रांगेत उभे करून मर्यादा काढली की पुरुष ती वर ओढून नेतात, आणि ज्या आकड्याला स्त्रीचे हृदय दुखावलेले असते तो आकडा कागदावर निर्धोक दिसू लागतो.

तुमच्या ताईंच्या रिपोर्टवर 26 ही मर्यादा आहे, त्यावरून ती चाचणी ॲबट कंपनीच्या यंत्रावर झाली असावी असा माझा अंदाज आहे. त्या चाचणीची एकत्रित मर्यादा 26 नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे, आणि वेगवेगळी पाहिली तर पुरुषांची 34 व स्त्रियांची 16 आहे. म्हणजे ताईंचा पहिला 22 हा आकडा एकत्रित मर्यादेच्या आत होता, पण स्त्रियांच्या मर्यादेच्या वर होता. हेच 22 भाऊजींच्या रक्तात आले असते, तर ते दोन्ही मापांनी आत बसले असते. मात्र 16 आणि 34 हे आकडे पाठ करून प्रत्येक रिपोर्टला लावू नका. बेकमन कंपनीच्या यंत्रावर हीच मर्यादा स्त्रियांसाठी 12 च्या आणि पुरुषांसाठी 20 च्या आसपास आहे. ट्रोपोनिन टी ही तर चाचणीच निराळी आहे आणि तिचे आकडे ट्रोपोनिन आयशी जुळवता येत नाहीत. काही ठिकाणी एकक प्रति मिलिलिटर असते, तिथे 22 ऐवजी 0.022 छापून येते. ते पाहून 'आधी बावीस होते, आता शून्यावर आले' असे समजून निर्धास्त झालेले नातेवाईक मी पाहिले आहेत.

आता मर्यादा रिपोर्टवर का नव्हती, या प्रश्नाचे उत्तर देताना मला थोडे खाली पाहून बोलावे लागेल. मी ज्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले, तिथे उच्च संवेदनशील चाचणी सुरू झाली तेव्हा संचाच्या डब्यात घडी घातलेला एक मोठा कागद आला होता. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत तीन मर्यादा होत्या: पुरुषांची, स्त्रियांची आणि एकत्रित. रिपोर्ट छापणाऱ्या संगणकाच्या सांगाड्यात मात्र मर्यादेसाठी रकाना एकच होता. तो बसवून देणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, एकच आकडा सांगा, पुढच्या अपडेटमध्ये बघू." मी एकत्रित आकडा सांगितला. ते 'पुढचे अपडेट' यायला कित्येक महिने गेले आणि तेवढ्या काळात गेलेल्या प्रत्येक बाईच्या रिपोर्टवर माझ्या सहीखाली पुरुषांनी वर ओढलेली मर्यादा छापली गेली. हिमोग्लोबिनच्या रिपोर्टवर स्त्री आणि पुरुष यांच्या मर्यादा वेगळ्या छापायला आम्ही कधी विसरलो नव्हतो, आणि हृदयाच्या बाबतीत रकाना नाही म्हणून गप्प बसलो. ताईंच्या रिपोर्टमागे असेच काही असावे, किंवा त्या रुग्णालयाने विचारपूर्वक एकच मर्यादा ठेवलेली असावी. तसे करणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. त्याकडे मी येते.

वेगळी मर्यादा लावल्याने काय फरक पडतो, याचा सर्वांत बोलका पुरावा स्कॉटलंडमधील एडिनबरा येथून आला. तिथे हृदयविकाराच्या संशयाने दाखल झालेल्या 1,126 रुग्णांचे रक्त नेहमीच्या चाचणीने तर तपासलेच, शिवाय उच्च संवेदनशील चाचणी करून 16 आणि 34 या वेगळ्या मर्यादाही लावून पाहिल्या. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुरुषांमधील हार्ट अटॅकच्या निदानाचे प्रमाण 19 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर गेले, पण स्त्रियांमध्ये ते 11 टक्क्यांवरून थेट 22 टक्क्यांवर गेले. म्हणजे जुन्या मापाने निम्म्या बायका 'काही नाही' म्हणून सुटत होत्या. त्या सुटलेल्या बायका पुढच्या वर्षभरात सुखाने राहिल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती, पण मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण त्यांच्यात मोठे होते. 2018 मध्ये हार्ट अटॅकची जी चौथी जागतिक व्याख्या ठरली, तीत उच्च संवेदनशील चाचणीसाठी स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या मर्यादा वापराव्यात असे सांगितले गेले.

एवढ्यावर थांबले असते तर माझे उत्तर सोपे झाले असते. पण त्याच स्कॉटलंडमध्ये पुढे 10 रुग्णालयांतील 48,282 रुग्णांवर वेगळ्या मर्यादा प्रत्यक्ष लागू करून पाहिल्या गेल्या. ज्यांच्या हृदयाला इजा झाली आहे अशा स्त्रियांची संख्या त्यामुळे 42 टक्क्यांनी वाढली, पुरुषांची केवळ 6 टक्क्यांनी. इथवर अपेक्षेप्रमाणेच झाले. वर्षभरानंतर पाहिले तर त्या स्त्रियांच्या प्रकृतीत मात्र फरक पडलेला नव्हता. याचे एक कारण असे, की नव्याने सापडलेल्या अनेकींची इजा रक्तवाहिनी तुंबल्यामुळे नसून अन्य आजारांमुळे होती. दुसरे कारण मला अधिक बोचते. हृदयाला इजा झाल्याचे रिपोर्टवर लिहून आल्यानंतरही 34 टक्के पुरुषांच्या रक्तवाहिन्या स्टेंट किंवा बायपासने मोकळ्या केल्या गेल्या, आणि स्त्रियांपैकी फक्त 15 टक्के जणींच्या. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या एकत्र देणे असो किंवा कोलेस्टेरॉलची गोळी असो, प्रत्येक बाबतीत बायका मागेच राहिल्या. प्रयोगशाळेने रकाना दुरुस्त करून दिला तरी तो वाचणाऱ्याच्या मनात 'बाई आहे, ऍसिडिटी असेल' हेच बसलेले असेल, तर आमची दुरुस्ती कागदावरच राहते.

एकच मर्यादा पुरे असे मानणाऱ्यांचा आधार असा आहे, की ट्रोपोनिन टीच्या बाबतीत 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2,734 रुग्णांपैकी फक्त तिघांचे निदान वेगळ्या मर्यादेमुळे बदलले. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत तासा-दोन तासांत निर्णय देणारी जी पद्धत आहे, तीही दोघांना एकच आकडे लावते. ते चालते, कारण पहिला आकडा अगदीच कमी किंवा फारच जास्त नसेल, तर त्या पद्धतीत एका आकड्यावर निकाल दिला जात नाही. पहिला आकडा आणि दुसरा आकडा यांच्यात किती फरक पडला हे पाहिले जाते. झटका चालू असेल तर ट्रोपोनिन एका जागी थांबत नाही. ताईंचे 22 दोन तासांत 58 झाले, तेव्हा मर्यादा 16 मानावी की 26 हा वाद संपलेलाच होता. माझे मत विचाराल तर स्त्रियांची वेगळी मर्यादा रिपोर्टवर छापलीच पाहिजे, आणि जिथे दुसरा नमुना घेतलाच जात नाही तिथे तर ती फारच आवश्यक आहे. पण दोहोंपैकी एकच गोष्ट मिळणार असेल, तर मी दुसरा नमुना मागेन.

आता त्या पहिल्या रात्रीविषयी. पट्टीवरची चाचणी चुकली असे तुम्हाला वाटते. मला वाटते ती बहुधा चुकलेली नव्हती, आणि तरीही ताईंना घरी पाठवणे चूकच होते. हे जरा उलगडून सांगते. पट्टीवर नियंत्रणाची एक रेघ नेहमी उमटते आणि ट्रोपोनिन पुरेसे असेल तरच दुसरी उमटते. ती दुसरी रेघ उमटायला जेवढे ट्रोपोनिन लागते ते यंत्रावरच्या मर्यादेच्या कित्येक पटींनी अधिक असते, शिवाय फिकट रेघ ट्यूबलाइटच्या उजेडात दिसली की नाही हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असते. तासाभरात तर मोठ्या झटक्यातही ती उमटेलच असे नाही, कारण इतके ट्रोपोनिन रक्तात साचायला काही तास जावे लागतात. पण ट्रोपोनिन एकदा वाढले की आठवडाभर तरी पूर्ण उतरत नाही. पहिल्या रात्री मोठी इजा झाली असती, तर दुसऱ्या रात्रीचा पहिला आकडा 22 नव्हे, शेकड्यांत किंवा हजारांत असता. तो 22 होता, म्हणजे पहिल्या रात्री स्नायूला इजा फारशी झालेलीच नसावी. रक्तवाहिनी अरुंद झाली होती, रक्त अडखळत होते, पण स्नायू अजून मेला नव्हता. या अवस्थेला आम्ही अस्थिर अंजायना म्हणतो. यात ट्रोपोनिन वाढत नाही, ईसीजीही नॉर्मल येऊ शकतो, आणि जगातील कोणतीही रक्ततपासणी, वेगळ्या मर्यादेची असो वा नसो, तिथे निगेटिव्हच येईल. ती ओळखायची असते लक्षणांवरून: काम करताना छाती जड होणे, घाम, मळमळ, आणि समोर 58 वर्षांची बाई. ही लक्षणे ऐकणाऱ्याने ईसीजी पुन्हा काढायला हवा होता, काही तासांनी रक्त पुन्हा घ्यायला हवे होते, आणि ती सोय नसेल तर मेडिकलला (म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात), सुपर स्पेशालिटीला किंवा धंतोली-रामदासपेठेतील एखाद्या रुग्णालयात चिठ्ठी लिहून पाठवायला हवे होते. महालातून यातले काहीच फार दूर नाही.

बायकांना झटक्यात छातीत दुखतच नाही, ही आणखी एक समजूत मोबाइलवरून फिरत असते. स्कॉटलंडच्याच रुग्णांत तपासले तेव्हा स्त्री असो वा पुरुष, दहांपैकी नऊ जणांची तक्रार छातीदुखीचीच निघाली. बायकांमध्ये तिच्या जोडीला मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, धाप लागणे या तक्रारी अधिक असतात, आणि ऐकणारा नेमक्या त्या जोडीच्या तक्रारी पकडून बसतो. शिवाय आपल्याकडे बाई स्वतःच 'गॅस धरला' म्हणते, ओवा खाते, वर सोडा पिते आणि पंगत उठेपर्यंत वाढत राहते. तुमच्या ताईंनीही पंगत पुरी केली असावी, असा माझा संशय आहे.

पुन्हा असा प्रसंग आलाच, तर त्रास सुरू झाल्याची घड्याळातली वेळ आधी लिहून ठेवा आणि 108 ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर 300 मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्यावी. शेजाऱ्यांकडची जिभेखालची गोळी मात्र विचारल्याशिवाय देऊ नका, तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. रुग्णालयात पोहोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, आणि त्यात मोठा झटका स्पष्ट दिसत असेल तर रक्ताच्या रिपोर्टसाठी कोणीही थांबू नये. ईसीजी स्पष्ट नसेल, तर डॉक्टरांना नम्रपणे दोनच प्रश्न विचारा: "दुसरा नमुना किती वाजता घेणार?" आणि "ही मर्यादा बायकांची आहे की एकत्रित?" यात उद्धटपणा मुळीच नाही. याची उलट बाजूही सांगायला हवी. ट्रोपोनिन वाढले म्हणजे हार्ट अटॅकच असतो असे नाही. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्यावर, गंभीर जंतुसंसर्गात ते वाढते, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की उष्माघाताच्या रुग्णांतही वाढलेले दिसते. तिथेही दुसरा नमुनाच उपयोगी पडतो, कारण जुन्या आजारामुळे वर असलेला आकडा तासा-दोन तासांत फारसा हलत नाही.

तुमच्या स्वतःविषयी. दरवर्षी ट्रोपोनिन तपासून घेऊ नका. ते आज झालेली इजा सांगते, पुढच्या वर्षीच्या झटक्याची ग्वाही देत नाही. 'फुल बॉडी चेकअप'च्या यादीत ते असेल, तर त्या पैशांत रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल नीट तपासून घ्या आणि फिजिशियनना दाखवा. सख्ख्या बहिणीला 65 वर्षांच्या आत हृदयविकार होणे हा तुमच्यासाठी स्वतंत्र धोका मानला जातो, तो त्यांना आवर्जून सांगा. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, पाळी केव्हा थांबली, हेही सांगा, कारण याचा हृदयाशी संबंध आहे हे ठाऊक असूनही विचारायचे राहून जाते. खर्रा किंवा गुडाखू अशा तंबाखूची सवय असेल तर लपवू नका. शिक्षिकांनाही ती असते, हे मला इतक्या वर्षांत कळून चुकले आहे.

आणखी एक गोष्ट बायकांच्याच बाबतीत अधिक घडते. केस गळू नयेत म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या अनेक जणी घेतात. काही ट्रोपोनिन चाचण्यांची रासायनिक बांधणी अशी असते, की रक्तातील बायोटिनमुळे आकडा खोटाच कमी येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचना काढली, तीत अशा खोट्या कमी आकड्यानंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. नव्या संचांत कंपन्यांनी सुधारणा केली आहे, पण प्रत्येक ठिकाणी नवाच संच असेल असे धरून चालू नका. तुम्ही किंवा ताई अशी गोळी घेत असाल, तर रक्त देण्याआधी तसे सांगा.

ताईंची फाइल एकदा उघडून 22 आणि 58 या दोन्ही आकड्यांपुढे रक्त घेतल्याची वेळ आणि चाचणीचे पूर्ण नाव लिहिलेले आहे का ते पाहा. नसेल तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात असा डॉक्टरांसाठी 2002 पासून नियम आहे. पहिल्या रुग्णालयाचा केसपेपर आणि ईसीजीही त्याच नियमाने मागून घ्या. पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांसमोर दोन्ही रात्रींचे कागद वेळेच्या क्रमाने लावून ठेवा, पट्टीवरची निगेटिव्ह चाचणी त्यातून काढून टाकू नका.